घर बंद होतं म्हणे

"घर बंद होतं म्हणे?"

नाना पत्रावळे माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी अजून हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. कोल्हापूरहून नेसरीपर्यंत अडीच तास मोटारसायकल हाणून कंबरेचा पार भुगा झाला होता, आणि हा सत्तरीतला माणूस सोप्याच्या कट्ट्यावर मांडी घालून माझ्याकडे असा बघत होता, जणू मी एस.टी.तून बिनतिकीट उतरलोय.

"कधी काका?" मी विचारलं.

"मंगळवारी. तुमच्या कंपनीचा मेसेज आला सुनंच्या मोबाइलवर. आमचे इंजिनियर येऊन गेले, घर बंद असल्यामुळे काम होऊ शकले नाही."

"असं होय. सिस्टिमचा घोळ होतो कधीकधी."

"सिस्टिमचा," नाना म्हणाले. मग उठले, आत गेले आणि तळहाताएवढं एक कुलूप घेऊन आले. "धर."

मी धरलं. गंजानं हात लाल झाला.

"हे आमच्या घरातलं एकुलतं एक कुलूप. पोराच्या लग्नाला सगळी बेळगावला गेलतो तवा लावलं होतं. पाच वर्षं झाली. किल्ली कुठं हाय ते माझ्या बायकोला ठाऊक होतं, ती तर वर गेली. आता तू मला सांग, मंगळवारी आम्ही घर बंद केलं कशानं?"

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ऊन फार होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. शाहूपुरीत एका लॅपटॉप कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर होतं, तिथं मी 'ऑनसाइट इंजिनियर' होतो. म्हणजे सॅकमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालायचे, कंपनीनं पाठवलेला पार्ट बॉक्ससकट मागं बांधायचा आणि आजरा, चंदगड, राधानगरी असं गावोगाव हिंडायचं. कंपनी वॉरंटीच्या कागदावर छापायची, 'दुसऱ्या कामाच्या दिवशी इंजिनियर आपल्या दारात.' कागद छापणाऱ्यानं चंदगड तालुका बघितलेला नसावा.

"आडनाव काय म्हणालास?" नानांनी विचारलं.

"तोडकर. अभिजित तोडकर."

"ऐकलंस गं रेवती?" नानांनी आत हाक दिली. "दुरुस्तीला माणूस पाठवलाय, आणि आडनाव तोडकर!"

आतून हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ पाण्याचा तांब्या घेऊन त्यांची सून बाहेर आली. रेवती. तिशीच्या आतली, केसांत पेन्सिल खोचलेली. नवरा फौजेत, तेव्हा आसामात होता. स्वतः सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, पण लग्नानंतर पाच वर्षं त्या डिप्लोम्याला कुणी हात लावला नव्हता. शेवटी कोल्हापूरच्या एका आर्किटेक्ट बाईंनी तिला घरबसल्या नकाशे काढायचं काम दिलं होतं. एक महिना बघू, जमलं तर कायम, या बोलीवर. पहिलंच काम मुलींच्या वसतिगृहाचं. नऊ नकाशे, त्यातले सात झाले आणि लॅपटॉपनं डोळे मिटले. दसरा होऊन आठवडा झाला होता.

"दादा, पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत सगळं पाठवायचंय," ती म्हणाली. "बाईंनी दोनदा मुदत वाढवलीय. आता तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या. दुसरी मुलगी तयार आहे त्यांच्याकडे."

"होऊन जाईल ताई," मी म्हणालो. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो.

नानांनी वॉरंटीचा कागद आणला. कागद लॅमिनेट केलेला होता. लॅपटॉप त्यांनीच सुनेला घेऊन दिला होता, आणि गडहिंग्लजमधला स्वस्तातला दुकानदार सोडून मुद्दाम कंपनीचा, तीन वर्षं घरी येऊन दुरुस्तीवाला. एस.टी.च्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. बिनगॅरंटीचा साधा बल्बसुद्धा घरात येऊ द्यायचा नाही.

मी बॉक्स उघडला. आत चार्जर होता.

"मशीन चालू होईना म्हणून सांगितलं होतं आम्ही," नाना म्हणाले.

"हो. फोनवरच्या माणसानं चार्जर गेला असेल असं ठरवलं."

"न बघता?"

"त्यांच्यासमोर प्रश्नांची यादी असते. उत्तरांवरून पार्ट ठरतो."

"म्हणजे पेशंट नेसरीत, डॉक्टर दिल्लीत, आणि गोळी घेऊन तू आलास."

चार्जर लावला. लॅपटॉप ढिम्म. मी म्हणालो, उघडून बघायला लागेल बहुतेक, पण कंपनीचा नियम असा, की जो पार्ट बदलायचा त्याच्यासाठीच मशीन उघडायचं. मला वाटलं नाना आता नियमाच्या आईचा उद्धार करतील. पण ते एकदम नरम झाले.

"उघडायलाच पायजे का?" त्यांनी विचारलं. "बाहेरनं बाहेरनं न्हाई का होणार?"

मला नवल वाटलं. तीसेक वर्षं इंजिनं खोलणारा माणूस आणि मशीन उघडायला भितोय! पण म्हातारी माणसं कॉम्प्युटरला बिचकतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

सोमवारी मी पुन्हा गेलो. या वेळी बॅटरी, बाहेरूनच बसणारी. तीही चालली नाही. नानांनी बॅटरी हातात घेऊन वजन केल्यासारखं करून परत दिली. बुधवारी अखेर मदरबोर्ड आला. बॉक्सवरचा नंबर वाचला. भलत्याच मॉडेलचा बोर्ड. मी तो बॉक्स उंबऱ्यावर ठेवला आणि तिथंच बसलो.

"काय बघालास?" नाना म्हणाले.

"नाना, हा तुमच्या मशीनचा नाहीच."

मला वाटलं होतं, आता कुलूप डोक्यात बसतंय. पण नाना खो-खो हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अरे, आमच्या डेपोत एकदा गिअरबॉक्स मागवला तर सीट आलं होतं. गाडी बंद, आणि बसायला सीट नवं! रेवती, च्या टाक गं. पोरगं बसलंय बघ कसं, सुतकात बसल्यागत."

रेवती चहा घेऊन आली, पण हसली नाही. सोप्यात जमिनीवर मोठा कागद पसरलेला होता. उरलेले दोन नकाशे ती पट्टी-पेन्सिलीनं हातानं काढत होती. एकेक रेघ अशी, की छापल्यासारखी.

"बाईंना फाइल लागते, कागद चालत नाही," ती म्हणाली. "पण हात रिकामा राहिला की रडू येतं मला, म्हणून काढतेय. झालेले सात तर आतच अडकलेत."

नानांचं हसू तिथंच विझलं. ते कप तसाच ठेवून परड्यात निघून गेले.

मी त्या संध्याकाळी आमच्या मॅनेजरशी, शेंडगेसाहेबांशी, पहिल्यांदा आवाज चढवून बोललो. शुक्रवारी दुपारी तीन वाजता, बरोबर नंबराचा बोर्ड घेऊन, मी चौथ्यांदा नेसरीत पोचलो. नाना कट्ट्यावरच होते. कुलूप शेजारी ठेवलेलं होतं, माझ्या स्वागताला.

मी सोप्यात चादर अंथरली, लॅपटॉप पालथा केला आणि स्क्रू काढायला लागलो. नाना समोर बसले. एकेक स्क्रू निघेल तसा त्यांचा चेहरा उतरत चाललेला. मी तळाचं झाकण उचललं आणि थांबलो.

आत कुंकू होतं.

थोडंथोडकं नाही. पंख्याच्या कडेला, तारांच्या खाली, बोर्डावर ठिकठिकाणी. हळदीचे चार कण, आणि एका कोपऱ्यात झेंडूची वाळकी पाकळी. आणि जिथं नसायला हवं होतं नेमकं तिथंच सगळ्यात जास्त. लॅपटॉपच्या पोटात एक पांढरा कागदी ठिपका चिकटवलेला असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. बोर्ड बदलण्याआधी त्या ठिपक्याचा फोटो कंपनीला पाठवायचा असतो. ठिपका पांढरा असेल तर मंजुरी. लाल असेल तर वॉरंटी संपली, बोर्ड परत आणि गिऱ्हाइकाला नमस्कार.

ठिपका लालभडक दिसत होता.

"नवमीला केली पूजा," नाना म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला आधी कळलंच नाही कोण बोललं. "खंडेनवमीला. पाने, हातोडी, ग्रीसची गन, सगळं पाटावर मांडतो मी दर वर्षी. म्हटलं औंदा घरात खरं हत्यार आलंय, ज्याच्यावर पोरगी कमावणार, ते मधी ठेवू. कुंकू लावलं. फुलानं पाणी शिंपडलं."

"पण एवढं आत? झाकणावर बोट टेकवलं तर इतकं जात नाही."

"झाकणावर कशाला?" नानांनी मान वर केली. त्या अवस्थेतही त्यांना माझा राग आला. "बॉनेटला कुंकू लावतंय का कोण? बॉनेट उघडायचं आणि इंजिनाला लावायचं. मी उघडलं आणि बटणांवर वाहिलं. चांगलं मूठभर."

मला हसू आवरेना, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. असा चमत्कारिक प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता.

"दसऱ्यादिवशी बंद पडलं बघ," ते म्हणाले. "पाच वर्षांनी पोरीच्या हाताला काम आलं आणि मी म्हाताऱ्यानं त्याच्यावर पाणी घातलं. तुमच्या कंपनीवर ओरडत होतो, ते ह्या भीतीनं. रातच्याला झोप न्हाई मला. तिला सांगायचं धाडस झालं न्हाई."

"मला माहीत होतं नाना," दारातून रेवती म्हणाली.

नाना वळले.

"दुसऱ्या दिवशी बटणांवर हळद होती. मीच पुसली ती."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? माझ्या माहेरी माझ्या ड्रॉइंगच्या पाटीवर भाजी निवडायचे. तुम्ही माझ्या हत्याराची पूजा केलीत." तिनं पदराला नाक पुसलं. "जाऊ दे काम. दुसरं मिळेल."

मिळणार नव्हतं. ते तिघांनाही ठाऊक होतं.

मी मोबाइल काढला. "एक उपाय आहे," मी म्हणालो. "माझ्याकडे स्वच्छ बोर्डांचे दीडशे फोटो आहेत. सगळे आतून सारखेच दिसतात. त्यातला एक लावतो. पंधरा मिनिटांत मंजुरी, अर्ध्या तासात मशीन चालू. कुणाला पत्ता लागत नाही, सगळेच करतात."

रेवतीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मला होकार दिसला, खोटं कशाला बोलू.

"म्हणजे दुसऱ्या गाडीचा फोटो लावून ही गाडी पास करणार?" नाना म्हणाले.

"नाना, तुमच्या सुनेसाठीच..."

"मी एक गाडी न बघता पास केली न्हाई उभ्या जन्मात. ब्रेक लागत न्हाईत तर लागत न्हाईत, असंच लिहिलं. साहेब ओरडले, बदली केली, पण लिहिलं ते लिहिलं." ते उठून सुनेसमोर गेले. हा ताठ माणूस हात जोडेल असं वाटलं मला, पण त्यांनी फक्त विचारलं, "पोरी, तुझं काम हाय. तू म्हणशील तसं."

रेवतीनं तो लाल ठिपका नीट बघितला. मग केसांतली पेन्सिल काढून पुन्हा खोचली. "आहे तसाच काढा दादा फोटो," ती म्हणाली.

मी काढला. मनात म्हटलं, मरा तिकडे, माझ्या चार खेपा फुकट. मग सहज जवळून बघितलं. कुंकू कोरडं होतं, पिठासारखं.

"नाना, घरात कोरडा ब्रश आहे का? मऊ?"

"मीटर साफ करायचा हाय." ते पळतच गेले.

मी ब्रशानं तो ठिपका अगदी हलक्या हातानं झाडला. कुंकू बाजूला सरलं. खालून ठिपका आला, दुधासारखा पांढरा. एक थेंब पाणी तिथवर पोचलं नव्हतं.

"म्हणजे?" नानांनी विचारलं.

"म्हणजे बोर्ड आपल्या मरणानं मेला. तुमच्या पाण्यानं नाही."

नानांनी चष्मा लावला आणि ठिपका स्वतः वाकून बघितला.

पण हे कंपनीला पटायला हवं होतं. मी झाडण्याआधीचा आणि झाडल्यानंतरचा, दोन्ही फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'लाल पूड कोरडी आहे. पूजेचं कुंकू. पाणी नाही.' रेंज परड्यातच यायची, म्हणून आम्ही तिघंही शेवग्याखाली उभे राहिलो. साडेपाच वाजले. मंजुरी देणारं टेबल बेंगळुरूत, ते सहाला बंद व्हायचं. पावणेसहाला फोन वाजला. पलीकडे मंजुनाथ नावाचा कुणी होता. मोडक्या हिंदीत त्यानं विचारलं, ही लाल पूड कसली?

मी मोडक्या हिंदीत सांगितलं, कुंकू.

मशीनच्या आत कुंकू कसं?

मी नानांकडे बघितलं. नानांनी मान हलवली, सांग म्हणाले. मी सगळं सांगितलं. नवमी, पाने, हातोडी, बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू.

मग तो माणूस हसायला लागला. त्यानं तिकडं कन्नडमध्ये कुणाला तरी सांगितलं, आणि तेही हसायला लागले. "आयुधपूजे!" तो म्हणाला. मग हिंदीत म्हणाला, आमच्याकडेही नवमीलाच असते. आमच्या मॅनेजरनं तर ऑफिसच्या मोठ्या सर्व्हरसमोर कोहळा फोडला, सगळ्या फरशीवर बिया. त्या आजोबांना नमस्कार सांग, पुढच्या वर्षी बॉनेटवरच लावा म्हणावं. मंजुरी पाठवतोय.

मी बोर्ड बसवला. साडेसहाला बटण दाबलं. पंखा फिरला, उरलीसुरली चिमूट कुंकवाची फुर्रकन बाहेर उडाली आणि स्क्रीन लागला. सातही नकाशे जागच्या जागी होते. रेवतीनं मला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. तिथंच चादरीवर मांडी घातली आणि आठवा नकाशा सुरू केला. नाना तिच्यामागं उभे राहून, कशातलं काही कळत नसताना, प्रत्येक रेघेला मान डोलवत होते.

निघताना मी नेहमीची भीक मागितली. "नाना, आता एक मेसेज येईल. माझ्या कामाला दहापैकी मार्क द्यायचे. तेवढे दहा द्या. नऊसुद्धा कंपनी नापास धरते."

"नऊला नापास? कसली रे ही शाळा?" नानांनी सुनेचा मोबाइल मागून घेतला, चष्मा लावला, विचार केला आणि बोट टेकवलं. मग मोबाइल माझ्यासमोर धरला.

सहा.

"नाना!" मला खरोखर वाईट वाटलं. "चुकीचे पार्ट काय मी पाठवले? चार वेळा आलो मी, स्वतःच्या कंबरेवर."

"त्याचे मार्क मी कापलेलेच न्हाईत. त्यात तुझा काय दोष." नानांनी चष्मा काढला. "चार कापलेत ते मंगळवारचे."

त्या मंगळवारी मी नेसरीला आलोच नव्हतो. उत्तूरला दुसरं काम होतं, ऊन होतं, कंटाळा आला होता. चहाच्या टपरीवर बसून मोबाइलवर 'घर बंद' असं टाकलं होतं. ते टाकलं की कंपनीचं मुदत मोजणारं घड्याळ थांबायचं. शेंडगेसाहेबांनीच शिकवलेलं, पण बोट माझं होतं. आणि हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यानं मला चार वेळा चहा पाजला होता.

"मी आलोच नव्हतो नाना," मी म्हणालो.

"माझा दिवस त्या कट्ट्यावर गेला पोरा. सकाळी सातपास्नं. जेवायलासुद्धा उठलो न्हाई, म्हटलं पोराला घर सापडायचं न्हाई."

परतीचे अडीच तास मला फार लांब गेले.

त्या सहा मार्कांचा मला मेमो मिळाला. शेंडगेसाहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला हाताळता येत नाही तुला. मी आणखी पाच महिने तिथं काढले, पण 'घर बंद' टाकायला काही बोट धजेना. प्रत्येक वेळी तळहाताला गंज लागल्यासारखं वाटायचं. माझी कामं रखडायला लागली, आणि शेवटी मीच निघालो. पुढच्या दसऱ्याला गडहिंग्लजमध्ये दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं.

उद्घाटनाला बोलावलं म्हणून नाना आले. रेवती आली नव्हती. बाईंकडची तीन कामं तिच्या अंगावर होती आणि सणाच्या दिवशीही सवड नव्हती. नानांनी ते इतक्या मिजाशीत सांगितलं, की मीच पेढा त्यांच्या हातात ठेवला. ते दुकानभर फिरले. आदल्या दिवशी कुंकू लावलेले स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी एकेक निरखले. माझ्या लॅपटॉपचं झाकण बोटानं तपासलं. वरच कुंकवाचं एक छोटंसं बोट उमटलेलं होतं, कोरडं.

"शिकलास," ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतनं काहीतरी जड काढून टेबलावर ठेवलं. कुलूप. घासूनपुसून तेल दिलेलं, लखलखीत. सोबत दोन नव्या किल्ल्या. कानशीनं स्वतः घासून केलेल्या.

"आता तुला लागंल," नाना म्हणाले. "दुकान बंद करशील तवा खरंच बंद कर."

मी कुलूप दोन्ही हातांनी उचललं आणि चेष्टेवर नेलं. "नाना, आता तरी दहा द्या की!"

नानांनी चष्मा लावला. पुन्हा एकदा सगळं दुकान बघितलं, मला बघितलं, अगदी गाडी पास करताना बघत असतील तसं.

"सात," ते म्हणाले.